डीव्हीडीचं वर्ष

कपाट आवरताना एक डीव्हीडी सापडली. वर काहीच लिहिलेलं नव्हतं. लावून पाहिली, तर चौबे कॉलनीतलं आमचंच अंगण आणि त्यात माझी मुलगी. चार वर्षांची की सहा, काही लक्षात येईना. कोपऱ्यातली तारीख तर निव्वळ खोटी, कारण त्या कॅमेऱ्यातलं घड्याळ आमच्या घरात कोणी कधी लावलंच नाही.

मग वर्ष शोधायच्या मागेच लागलो. एकट्या माणसाला दुपार घालवायला काहीतरी पाहिजेच. डीव्हीडीच्या मधल्या भोकाभोवती बारीक आकडे असतात. खिडकीपाशी भिंग धरून ते कागदावर उतरवले. त्यावरून ती कारखान्यात कधी बनली ते कळलंही असतं. पण कोरी डीव्हीडी आमच्याकडे किती दिवस पडून होती, हे आकडे थोडेच सांगणार? डोकं फिरलं. पुण्याला मुलीला फोन लावला.

"पापा, क्या फ़र्क पड़ता है? फेंक दो ना."

"काहून फेकू?" म्हणून मी फोन ठेवून दिला.

डीव्हीडी पुन्हा लावली. आवाज फार बारीक होता, म्हणून या वेळी पूर्ण वाढवला. पोट्टी जास्वंदीचं फूल नाचवत ओरडत होती, "बाबा, इकडे पाह्य ना! मले फूल भेटलं!"

आकड्यांचा कागद मी फाडून टाकला. डीव्हीडी ती शाळेत जायच्या आधीची होती. हिंदी शाळा सुरू झाली, आणि त्यानंतर या घरात मला कोणी बाबा म्हटलं नाही.