शेख मॅडमची वीस मिनिटं

लग्नातलं जेवण माणूस विसरतो, रुसलेला मामा विसरत नाही. आमच्या कार्यशाळांचंही तसंच. तुळजापूर तालुक्यातलं आमचं कॉलेज आणि दरवर्षी विषय तोच, 'मशीन लर्निंगचा गणिती पाया'. त्यातला पाया किती जणांच्या लक्षात राहिला देव जाणे, किस्से मात्र पोत्यानं साठलेत!

*

एकदा पुण्याचे पाहुणे ग्रेडियंट डिसेंट समजावत होते. "समजा, तुमचे डोळे बांधलेत आणि घाट उतरायचाय. पायाला जिकडं उतार लागेल तिकडं एक पाऊल टाकायचं. मशीन अशीच शिकते."

अणदूरचे माने सर उठले. "पण सर, डोळं बांधून घाटात जायचंच कशाला? दिवसाढवळ्या जावा की!"

पाहुण्यांनी पाणी मागितलं.

*

सहभागाचं प्रमाणपत्र शेवटी देतात, म्हणून लोक शेवटपर्यंत थांबतात. एका वर्षी आमचे विभागप्रमुख भोसले सर यांना वाटलं, मंडळी ज्ञानासाठीच आलीत. त्यांनी प्रमाणपत्रं जेवणाआधीच वाटून टाकली! जेवणानंतर हॉलमध्ये उरलो वक्ते, शेख मॅडम, मी आणि माईकवाला. तोही झोपलेला.

"मोजकेच, पण दर्जेदार श्रोते आहेत," भोसले सर वक्त्यांना म्हणाले.

*

शेख मॅडम आमच्या संख्याशास्त्राच्या. लई शांत बाई, पण गणितात कुणाची गय नाही. एका तरुण वक्त्यानं फळ्यावर लांबलचक समीकरण लिहिलं, त्याखाली दुसरं लिहिलं आणि म्हणाला, "हे तर उघडच आहे."

मॅडमनी विचारलं, "कुणाला?"

चहा येऊन गेला तरी बिचारा डस्टर घेऊन फळ्यापुढंच उभा होता.

*

याच मॅडमनी त्या घाट उतरण्याची एक सोपी सिद्धता शोधलेली. जमीन वाडग्यासारखी असली आणि पावलं बेतानं टाकली, तर माणूस तळाला पोचतोच, एवढंच त्यांना फळ्यावर दाखवायचं होतं. दरवर्षी म्हणायच्या, "भोसले सर, वीस मिनिटं द्या हो मला!"

पण आमच्याकडं सत्कार म्हणजे सत्कार! आधी पाहुण्यांचा, मग पाहुण्यांना आणणाऱ्यांचा, मग सत्कार करणाऱ्यांचा. शाली संपेपर्यंत मॅडमची वीस मिनिटं गेलेली असायची. "पुढच्या वर्षी पहिलं तुमचंच!" हे सरांचं ठरलेलं.

*

यंदा मॅडम निवृत्त होणार होत्या, म्हणजे पुढचं वर्ष नव्हतंच. तरी सत्कार लांबलेच, आणि मॅडमच्या वाट्याला आलं नुसतं आभारप्रदर्शन. मला लई वाईट वाटलं.

मॅडम माईकवर आल्या. "सन्माननीय व्यासपीठ, आभारांआधी दोन शब्द," म्हणाल्या आणि सरळ फळ्याकडं वळल्या.

यंदा जेवण समारोपानंतर ठेवलेलं. आता आभार झाल्याशिवाय राष्ट्रगीत नाही आणि राष्ट्रगीताशिवाय जेवण नाही! बाहेर मसालेभाताचा वास सुटलेला, पण उठणार कोण? भोसले सर खाकरले. घड्याळ दाखवून झालं. मॅडम लिहीतच होत्या. एकेक पायरी उलगडत गेली, तशी कुजबुज थांबली. माने सरही उतरवून घ्यायला लागले. शेवटच्या ओळीखाली मॅडमनी छोटासा चौकोन काढला. सिद्धता पूर्ण!

काय टाळ्या पडल्या! मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

भोसले सर धावत माईकपाशी आले. "अहो मॅडम, आभार राहिले की!"

मॅडमनी हाताचा खडू झटकला.

"वेळेअभावी मानले असं समजावं. राष्ट्रगीतासाठी सर्वांनी उभं राहावं!"