उष्टं वस्त्र

सांगायला लाज वाटते, पण यंदाच्या श्रावणात मी देवीशी पैज लावली होती. नवस बोलणारी माणसं वेगळी. त्यांच्याजवळ श्रद्धा असते. माझ्याजवळ नुसता वैताग होता. आमची ही जाऊन दीड वर्ष झालं. मागल्या वर्षी घरात सण नव्हता, म्हणून महालक्ष्म्यांचे मुखवटे पेटीतच राहिले. यंदा ते बाहेर काढायचे, की नागपूरला वहिनीकडे कायमचे देऊन टाकायचे, एवढाच प्रश्न होता. खरं विचाराल तर देऊन टाकावेत, दार लावून घ्यावं आणि पडून राहावं असंच मन म्हणत होतं. त्यात उन्हाळ्याच्या तोंडाशी अंगावरून वारं गेलं. पाय सावरला, उजवा हात मात्र थरथरताच राहिला. चहाचा कप ओठांपर्यंत यायचा तेव्हा निम्मा सदऱ्याने पिऊन झालेला असायचा.

हिचा एक पत्र्याचा डबा होता, कापसाच्या वस्त्रांचा. दुपारची भांडी आवरली की ही मांडीवर कापूस घेऊन बसे आणि बोटांनी पीळ देत, मधेमधे मणी काढत देवांसाठी माळा करी. मी चिडवायचो, "देवांना काय थंडी वाजते?" ती म्हणे, "देवांना नाही, मला बरं वाटतं." मी ते थट्टेवारी नेलं. ती गेल्यावर त्या डब्यातलं एकेक वस्त्र अधूनमधून पूजेत देवाला वाहत राहिलो, आणि श्रावणातल्या एका सोमवारी हात घातला तर बोटांना गार पत्राच लागला. ती गेली तेव्हा माणसं होती, धावपळ होती. रडायला सवड मिळाली ती त्या सोमवारी, डबा मांडीवर घेऊन. मग रागाच्या भरात देवीला म्हटलं, या हाताने तुम्हा दोघींचं वस्त्र झालं तर राहा, नाहीतर नागपूरची वाट धरा. हरायच्या तयारीनेच लावलेली पैज होती ती.

उभी नोकरी मी नर्मदेकाठच्या या शहरातल्या फॅक्टरीत तोफेच्या सुट्या भागांची मापं घेण्यात काढली. केसभर फरकाने लोखंड नापास करणारा माणूस मी. पण कापूस माझ्या हाती टिकेना. पीळ द्यायला जावं तर तुटे, ओढावं तर बोळा होई. डॉक्टरांनी हाताला व्यायाम म्हणून दिलेला रबरी चेंडू फ्रिजवर धूळ खात होता, आणि मी कापसाशी कुस्ती खेळत होतो. शेवटी एके दुपारी मला युक्ती सुचली. बोट जिभेला लावलं, कापसाला लावलं, आणि काय सांगू, पीळ बसला! मग रोजचा नादच लागला. अंगणात मोगऱ्याशी खुर्ची टाकून बसायचं, जिभेला बोट, कापसाला बोट. दिवेलागणीपर्यंत घरात दुसरं कुणी नाही हे आठवायचंच नाही. "मला बरं वाटतं" म्हणजे काय ते तेव्हा कुठे कळायला लागलं, आणि कळल्याचं सांगावं तर सांगायचं कुणाला?

कुणाला तरी दाखवावं म्हणून वहिनीला व्हिडिओ कॉल लावला. हातभर माळ झाली होती. वहिनी माझ्यापेक्षा पाच-सात वर्षांनी मोठी, जुन्या वळणाची. माळ बघून तिचे डोळे भरले. मला चेव आला. म्हटलं, करूनच दाखवतो. आणि सवयीने जीभ बाहेर काढली.

"थांबा! काय करून राहिले भाऊजी हे? थुंकी लावता?"

"मग पीळ कसा बसणार?"

"दुधाचं बोट लावतात, राख लावतात! देवीला उष्टं वस्त्र नेसवता काय? काहून नाही विचारलं बायकोला कधी?"

खरंच, कधी विचारलं नव्हतं. वहिनीचाही आवाज मग खाली आला. "राहू द्या भाऊजी. तुमच्याच्यानं नाही होणार. येते मी, मुखवटे घेऊन जाते." मी बरं म्हटलं. पैज हरलो होतो. हरायचंच तर होतं. मग घास का उतरेना, हे काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माळ नर्मदेत सोडावी म्हणून महाराजपुराच्या घरून ऑटो करून ग्वारीघाटावर गेलो. पाणी गढूळ, पायऱ्या चढून वर आलेलं. खाली उतरायची छाती होईना. वरच बसून राहिलो. खिशात उरलेला कापूस होता, हाताला चाळा लागला आणि हा मूर्ख पुन्हा बोट जिभेकडे न्यायला लागला. शेजारी एक म्हातारी ओलं लुगडं वाळवत बसली होती.

"काहे भैया, बाती बना रहे हो?"

माझ्या मराठी वळणाच्या हिंदीत तिला सगळी कर्मकथा सांगितली. ती खोकला येईपर्यंत हसली. "सामने मैया बह रही है, और तुम थूक लगा रहे हो!" असं म्हणून तिने आपल्या लोट्यातलं पाणी माझ्या ओंजळीत ओतलं. कापसाचं एक टोक स्वतः धरलं, दुसरं मला दिलं. मी नेहमीप्रमाणे हात कापू नये म्हणून बोटं आवळून धरली. कापूस तुटला. "इतना काहे दबा रहे हो? कोई छीन रहा है का? ढीला छोड़ो." मी हात ढिला सोडला. तो कापायला लागला, कापू दिला, आणि त्या कापण्यानेच कापसाला पीळ बसत गेला. तो पीळ माझा नव्हता, एवढं मी सांगू शकतो.

उठताना जुनी माळ पाण्यात टाकायला काढली तर म्हातारी कडाडली, "ए! मैया में कचरा मत डालो. अपना जूठा अपने घर ले जाओ." अशा कथांत यानंतर माणूस अंतर्धान पावतं. ती काही पावली नाही. चप्पल सापडेना म्हणून घाटभर फिरली आणि चप्पल माझ्याच पिशवीखाली निघाली, तेव्हा मला आणखी चार शब्द ऐकवून गेली. ती कोण होती, मला ठाऊक नाही. रोज नहायला येणारी कुणीही असेल. नर्मदेचं पाणी मात्र मी तिच्या लोट्यातूनच बाटलीत भरून आणलं, आणि सण येईपर्यंत त्याच पाण्याचं बोट लावत बसलो.

वहिनी रिकामी पिशवी घेऊन आली. देव्हाऱ्यापाशी दोन्ही वस्त्रं, कुंकवाची बोटं लावून ठेवलेली. तिने हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली.

"वाकडं आहे."

"हातच वाकडा आहे, वहिनी."

"हं." वस्त्रं होती तशी परत ठेवली. मग पदर खोचला. "चलो, डाळ कुठे आहे? पुरण शिजवायचं की नाही?"

महालक्ष्म्या बसल्या. तिसऱ्या दिवशी उठल्या, वहिनी परतली, आणि घर होतं तसं झालं. हात अजून कापतो. पुढल्या वर्षी मी असेन की नाही, असलो तर हात चालेल की नाही, हे देवीला विचारत नाही. पैजा लावणं सोडलं. आवळून धरलेलं काहीच माझ्या हाती टिकलं नाही, सोडलं तेवढं राहिलं. दुपारी डबा पुढे घेऊन बसतो. तळाचा पत्रा आता दिसत नाही.

राहिली ती उष्टी माळ. म्हातारीने घरी न्यायला सांगितलेली. देवाला चालायची नाही, नदीत टाकायची नाही. काही दिवस खुंटीला होती, मग एका दुपारी हिच्या फोटोला घातली. जन्मभर माझ्या कपात उरलेला थंडगार चहा हीच प्यायची. तिला माझ्या उष्ट्याचं कसलं वावडं?