दुसऱ्या खुर्चीचा सौदा

त्याला सगळे कोच म्हणतात. आयुष्यात त्याने बास्केटबॉलला हात लावला असेल तो पत्र्यावर अडकलेला पोरांना परत फेकण्यापुरता. पण दोन खुर्च्यांच्या आपल्या सलूनमध्ये उभा राहून तो व्यावसायिक लीगमधली आपली लाडकी टीम वर्षानुवर्षं चालवतोय. टीमच्या खऱ्या मालकाला याचा पत्ता नाही, एवढंच.

गिऱ्हाइकाच्या गळ्याला कापड बांधलं की कोच सुरू. बांधलेला माणूस पळणार कुठे? लीगचा नियम असा, की सगळ्या खेळाडूंचा मिळून पगार ठरलेल्या मर्यादेबाहेर न्यायचा नाही. ती सॅलरी कॅप. नवा भारी गडी आणायचा तर जुना कुणीतरी दुसऱ्या टीमला द्या, नाहीतर मोकळा करा. हे समजवायला कोच आरशाखालची फळी वापरतो. तेलाची बाटली म्हणजे चेंडू खेळवणारा गार्ड, पावडरचा डबा म्हणजे बास्केटवर चढाई करणारा फॉरवर्ड. फळी आखूड. एक नवी बाटली चढवायची तर एक उतरवावीच लागते.

त्या दिवशी खुर्चीत वायरमन होता, अर्धी दाढी झालेला, अर्धा फेसात. वाद पेटला होता टीमच्या सेंटरवरून. सेंटर म्हणजे बास्केटखाली पहाडासारखा उभा राहणारा उंच गडी. हा आता उतरणीला लागलेला, गुडघे कुरकुरणारे, आणि पगार मात्र सगळ्यांत जास्त.

"अरे, पण त्याने कप आणून दिलाय," वायरमन फेसातून बोलला.

"दिलाय ना. त्याचे पैसेही मोजलेत. आता पळतो तेव्हा वाटतं, घरात कपाट सरकवतायत."

"लोक त्याच्यासाठी तिकीट काढतात."

"लोकांचं काय जातं? भावना घरी ठेवायच्या. असा उचलायचा," कोचने सेंटर म्हणून हाताला लागलेला दाढीचा जाडजूड ब्रश उचलला, "आणि असा मोकळा करायचा." ब्रश कापलेल्या केसांच्या डब्यात गेला.

ब्रश मामाचा होता.

मामा म्हणजे कोचचा सख्खा मामा. मागची खुर्ची त्याची. मोरीच्या दाराला लागून, जिथवर पोचेपर्यंत पंख्याचा वारा दमून जातो. कोचला कात्री धरायला त्यानेच शिकवलं. आता हात सावकाश चालतो. त्याची एक कटिंग होईस्तोवर कोच तिघांना हातावेगळं करतो. पगार मात्र चांगला, कारण तो कोचच्या आईने ठरवलेला. मामाने डब्यातून ब्रश काढला, झटकला, खिशात घातला आणि समोरच्या म्हाताऱ्याची मान पुढे वाकवली.

दुसऱ्या दिवशी मामा आला नाही. त्याची गिऱ्हाइकं आली, रिकामी खुर्ची बघून आल्या पावली परत गेली. बाकडं ओस पडलं. तेवढ्यात आईचा फोन.

"माझ्या भावाला काय बोललास?"

"काही नाही गं. मी सेंटरबद्दल बोलत होतो."

"तो कोण मेला सेंटर? मामाला घेऊन ये, नाहीतर तूही घरी येऊ नकोस."

कोच शटर ओढून मामाकडे गेला. मामा ओट्यावर बसून चपलेचा पट्टा शिवत होता.

"मामा, ब्रशचं चुकलं."

"ब्रशचं सोड. सेंटरला काढायलाच हवं. गुडघे गेलेत त्याचे." मामाने दोरा दाताने तोडला. "पण मग मी म्हटलं, हा भाचा आपला हिशेब मांडायच्या आत आपणच बाजारात उतरावं. ज्याचा करार संपलाय, जो कुठंही जायला मोकळा, त्याला काय म्हणता रे तुम्ही?"

"फ्री एजंट," कोच पडेल आवाजात म्हणाला.

"हां, तोच मी. कोपऱ्यावरचा सलूनवाला उद्यापासून ये म्हणतोय. खिडकीजवळची खुर्ची देतोय."

"पगार किती देतो?"

"तुझ्याहून कमी."

"मग कशाला जातोस?"

"वारा आहे तिथे."

"मी पंखा मागे सरकवतो."

"छताला हूक एकच आहे. तो मीच ठोकलाय."

कोचने बरीच घासाघीस करून पाहिली. पगार वाढवतो, सोमवारी अर्धा दिवस सुट्टी देतो, टेबलफॅन आणतो. मामा ढिम्म. शेवटी त्याने पाय चपलेत घातला, पट्टा ओढून पाहिला आणि म्हणाला, "तुझी खुर्ची दे."

पुढची खुर्ची म्हणजे मोठा आरसा आणि खाली ती फळी. म्हणजे अख्खी टीमच. मागच्या खुर्चीपुढे एक खिळा आहे फक्त, कंगवा टांगायला. कोचला रिकामं बाकडं आठवलं. मग आई आठवली.

"दिली," तो म्हणाला.

आता पुढे मामा असतो, त्याच संथ चालीत. बाकडं पुन्हा भरलंय, कुणाला घाई नाही. वारा खात बसतात. परवा वायरमनने बाकड्यावरूनच विषय काढला, "कोच, त्या गार्डच्या बदल्यात दोघं मिळत असतील तर?"

मोरीच्या दाराशी कोचची कात्री थांबली. तो तिथूनच ओरडून सांगू लागला, की दोघांचा पगार मिळून कॅपच्या वर जातो, घेतले तर तिसरा सोडावा लागेल.

"हळू बोल," मामा म्हणाला. "माझं गिऱ्हाईक झोपलंय."