पूर्वाची जन्मतारीख

आधीच सांगतो, असे अनुभव वाचून हसणाऱ्यांपैकी मी आहे. भूतखेत, शकुन-अपशकुन यांवर कधीच विश्वास नव्हता. विश्वास होता तो कॉम्प्युटरवर... तो उगाच काही करत नाही, चूक असली तर ती माणसाचीच असते, असं मी ऑफिसातल्या नव्या पोरांना नेहमी ऐकवायचो. पण मागच्या वर्षी जे झालं ते नेमकं कॉम्प्युटरवरच झालं, म्हणून लिहायला बसलोय. नावं बदलली आहेत.

मी नागपूरला सक्करदऱ्यात राहतो, वेबसाइट आणि वेब अॅप बनवायचं काम करतो. घरापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर एक लहानसं बालगृह आहे. कुठे कुठे सापडलेली, कुणी नसलेली मुलं तिथे राहतात. तिथल्या अधीक्षिका सुनंदाताई माझ्या आईची मैत्रीण. त्यांनी म्हटलं म्हणून मुलांच्या लसी, शाळा, वाढदिवस अशी माहिती ठेवणारं एक अॅप मी त्यांना करून दिलं होतं.

जूनमध्ये मी त्यात थोडी सुधारणा केली आणि दुसऱ्याच दिवशी ताईंचा फोन आला.

"काय गा अभय, तुझ्या अॅपनं सगळ्या पोरांचे वाढदिवस एक दिवस मागं नेले ना!"

मला हसू आलं. आमच्या धंद्यातला हा जुनाच घोळ. जन्मतारीख म्हणजे नुसती तारीख, तिला घड्याळ नसतं. पण मी सुधारणा करताना ती वेळेसकट साठवली होती, म्हणजे रात्री बाराची वेळ धरून. आता सर्व्हरवरून ब्राउझरकडे माहिती पाठवायची तर तिचा आधी साधा मजकूर करावा लागतो, आणि तो करताना सिस्टिम जागतिक वेळ, म्हणजे ग्रिनिचची, धरते. आपण त्या वेळेच्या पुढे आहोत. आपल्याकडे बारा वाजून नवा दिवस लागतो तेव्हा तिथे आदल्या दिवसाची संध्याकाळच असते. झाली तारीख एक दिवस कमी!

उपायही साधा होता. वेळ काढून टाकली, तारीख नुसती अक्षरं म्हणून पाठवली. सगळ्यांचे वाढदिवस जागेवर आले. एकीचा सोडून.

पूर्वाचा.

पूर्वा दुसरीत शिकणारी, बारीक चणीची मुलगी. तान्ही असताना ती रामटेकच्या बसस्टँडवर सापडली होती. तेव्हा वजन इतकं कमी की डॉक्टरांना नुकतीच जन्मलेली वाटली, म्हणून सापडली तोच दिवस जन्मदिवस म्हणून लिहिला गेला. ऑक्टोबरचा शेवट. डेटाबेसमध्येही तीच तारीख होती, मी दहादा बघितली. पण स्क्रीनवर मात्र सप्टेंबरच्या सुरुवातीची एक तारीख यायची.

वेळेच्या फरकानं तारीख एखादा दिवस सरकते, कित्येक आठवडे नाही. दिवस आणि महिना यांची अदलाबदल झाली म्हणावं, तर तिची तारीख विसाच्या पुढची, तितके महिनेच नसतात. तिची नोंद पुसून पुन्हा भरली. दुसरा ब्राउझर, दुसरा लॅपटॉप वापरला... शेवटी सर्व्हरसुद्धा बदलला. माझा मित्र निखिल या कामात माझ्यापेक्षा हुशार. त्यानं पूर्ण कोड वाचला आणि म्हणाला, "भाई, हे होऊच शकत नाही." पण होत होतं.

एका दुपारी मी तिथे बसून हेच करत असताना पूर्वा मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "राहू द्या ना काका. मले हीच आवडते."

"काहून?"

"ऑक्टोबरचा तर माझा सापडायचा दिवस आहे. जन्माचा थोडीच आहे."

मी लॅपटॉप मिटून ठेवला.

जुलैमध्ये असाच मी ताईंच्या ऑफिसात बसलो होतो. एक बाई आत आल्या. पन्नाशीच्या, रामटेककडच्या बसनं आलेल्या. खुर्चीवर बसायलाच तयार नव्हत्या. ताईंनी पाणी दिलं, मग हळूहळू बोलल्या.

"रामटेकच्या ठाण्यात इथला पत्ता भेटला. मी स्टँडवर सापडलेल्या त्या पोरीची मावशी होय, ताई. माही बहीण गेली या उन्हाळ्यात. मले तिनं सांगतलं होतं का पोरगी दगावली. जायच्या आधी खरं बोलली... नवरा सोडून गेला होता, तब्येत साथ देत नव्हती. लाल काठाच्या गोधडीत गुंडाळून स्टँडवर ठेवलं म्हणे, अन् कोणी उचलेपर्यंत लपून पाहत राहिली."

ताई एकदम ताठ झाल्या. ती गोधडी त्यांनी स्वतः सोडवली होती. अॅपमध्ये तिचा उल्लेख नव्हता.

"जन्म कधीचा?" ताईंनी विचारलं.

"तारीख नाही सांगता येत मले. पण दिवस पक्का ध्यानात आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते ना, तो. बहीण तवा इथंच नागपुरात, महाल भागात राहत होती. खाली लोकं 'इडापिडा घेऊन जा गे मारबत' म्हणून ओरडून राहिले होते, अन् वर हे पोरगी रडून राहिली होती. मी तर खिडकीच लावून घेतली. म्हटलं, हिलेच नको घेऊन जाऊ बापा."

त्या वर्षी मारबत कोणत्या तारखेला निघाली होती ते मी मोबाईलवर शोधलं. तारीख बघितली, पुन्हा एकदा शोधून पाहिली. मी मोबाईल ताईंसमोर धरला, शेजारी लॅपटॉपवर पूर्वाचं पान उघडंच होतं. सप्टेंबरची तीच तारीख!

ताईंनी दोन्ही तारखा पुन्हा पुन्हा वाचल्या. मग त्यांनी पूर्वाला बोलावलं.

पूर्वा दारातच भिंतीला टेकून उभी राहिली. मावशी जागची हलली नाही. नुसतं म्हणाली, "हात लावू का वं तुले?"

पूर्वानं विचार केला, आणि स्वतःच पुढे आली.

मी तिथून बाहेर पडलो. घरी येऊन लॅपटॉप उघडला, पूर्वाचं पान पुन्हा लोड केलं. स्क्रीनवर ऑक्टोबरची तारीख होती. जी डेटाबेसमध्ये होती तीच. निखिलला विचारलं, त्यानं काही केलं नव्हतं. मी तर एक अक्षरही बदललं नव्हतं.

पुढे ताईंनी बालकल्याण समितीला रीतसर कळवलं. तपासण्या झाल्या, नातं खरं निघालं. जन्मतारीख कागदोपत्री दुरुस्त झाली आणि मी ती माझ्या हातानं अॅपमध्ये भरली. मावशी आता महिन्याला येते. दिवाळीत परवानगी काढून पूर्वाला गावी घेऊन गेली होती.

यंदा सप्टेंबरमध्ये पूर्वाचा वाढदिवस झाला. केक कापून झाल्यावर ती मैत्रिणीला, प्रणालीला, दटावत होती, "आता मी तुझ्याहून मोठी आहे. ताई म्हण मले!" प्रणालीचा जन्म ऑक्टोबरच्या सुरुवातीचा, इतकी वर्षं तीच मोठेपणा गाजवत आली होती.

तो कोड माझ्याकडे अजून आहे. ती तारीख तयार होईल अशी एकही ओळ त्यात नाही. त्या घरात कुणालाच माहीत नसलेला दिवस स्क्रीनवर आला कुठून, आणि सांगणारं माणूस आल्यावर गेला कुठे... वाचकांपैकी कुणी या क्षेत्रातलं असेल आणि काही सुचत असेल तर जरूर कळवा. मीही अधूनमधून शोधतो. पण खरं सांगू? पूर्वीइतकं जीव लावून आता शोधवत नाही.