राखेतली पावलं

रझाकारांच्या धास्तीनं वाशीमकडे पळालेली पार्वतीबाई निजामाचं राज्य गेल्यावर सासूला घेऊन कनेरगावजवळच्या आपल्या गावी परतली. शेजारची घरं अजून ओस होती. रोज सकाळी अंगणातली घागर लवंडलेली दिसायची. मागं घर लुटून गेलेले पुन्हा येऊ लागले, या भीतीनं तिला झोप लागेना. शेवटी एका संध्याकाळी तिनं चुलीतली राख चाळून अंगणभर पसरली.

सकाळी राखेत बिबट्याचे पंजे उमटले होते, आणि बाजूला दोन पिल्लांचे.

"माणसं न्हाईत, आत्याबाई!" ती हसतच ओरडली.

"काहून हसून राहिली गं? वाघरू येऊन गेलं दारात!" सासू म्हणाली.

पार्वतीबाईनं राखेतला माग धरला. पावलं शेजारच्या रिकाम्या घरात शिरली होती. दुपारी दोघींनी पुन्हा बोचकी बांधली.