नणंदेला लागलेला फोन

टेलिफोनताईंनी एकतीस वर्षं एक्स्चेंजमध्ये बसून लोकांचे फोन जोडून दिले. निवृत्त झाल्या आणि तिसऱ्याच आठवड्यात घरातल्या कपाटाशी बोलू लागल्या. तेव्हा लेकीने त्यांना उचलून कर्णबधिर मुलांच्या संस्थेत नेऊन बसवलं. काम सोपं होतं: यादीतल्या माणसांना फोन करायचा आणि श्रवणयंत्रांसाठी देणगी मागायची.

पहिल्या दिवशी त्यांनी दिलेला कागद जसाच्या तसा वाचला. "आपल्याकडे चार हजार मुलांना ऐकू येत नाही..." बेचाळीस फोन झाले, देणगी शून्य. एकजण तर "मलाही काही ऐकू येत नाहीये" म्हणाला आणि फोन ठेवून मोकळा झाला.

व्यवस्थापकबाई हसल्या. "ताई, चार हजारांसाठी कुणाचा जीव तुटत नाही. एकीची गोष्ट सांगा. आणि आधी मोठी रक्कम मागा. एकदा नाही म्हटलं की माणूस ओशाळतो, मग छोट्या रकमेला नाही म्हणवत नाही."

ताईंना हे ज्ञान असं काही चढलं की त्याच संध्याकाळी त्यांनी नवऱ्याकडे परदेशवारी मागितली. त्याने चहा खाली ठेवून साफ नाही म्हटलं. मग त्यांनी हळूच नवे पडदे मागितले. दुसऱ्या दिवशी पडदे लागले.

मग त्या संस्थेतल्या सहा वर्षांच्या एका मुलीला भेटल्या. दोन वर्षांपूर्वी यंत्र बसवलं त्या दिवशी तिला पहिल्यांदा स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकू आला होता, आणि ती तासभर व्हरांड्यात नुसती चालत राहिली होती. ताई फोनवर एवढंच सांगू लागल्या. देणग्यांची रीघ लागली. ताईंचे पाय जमिनीवर ठरेनात.

अशात एके दुपारी यादीत नणंदेचा नंबर आला. नणंद म्हणजे एक नंबरची चिक्कू. पाहुणे आले की पंखा एकवर आणणारी. ताईंनी नाव सांगायला तोंड उघडलं, पण बाहेर पडला तो एक्स्चेंजमधला जुना, गोड आवाज. त्यांनी मुलीची गोष्ट सांगितली, पंचवीस हजार मागितले, मग अडीच हजारांवर आल्या.

पलीकडून प्रश्न आला, "चपला कसल्या होत्या?"

"लाल. एकीचा पट्टा तुटका."

"पाच हजार लिहा. आणि वहिनी, पडद्यांचं दादाने मला सांगितलंय. पंचवीस हजार म्हणालात तेव्हाच ओळखलं तुम्हाला."

ताई एकदम आपल्या मूळ आवाजावर आल्या. "मग वन्सं, दिलेत कशाला?"

"चपलांचं दादा बोलला नव्हता," नणंद म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती पैसे घेऊन स्वतःच आली. मुलीपुढे बसून मोठमोठ्याने चौकशी करू लागली. मुलगी थोडी मागे सरकली. "आजी, हळू बोला. मला ऐकू येतं."

नणंद इतकी हसली की डोळे पुसायला पदर पुरेना. मग तिने ताईंच्या शेजारची खुर्ची ओढली, यादीचं अर्धं पान फाडून घेतलं आणि पहिलाच फोन आपल्या सख्ख्या व्याह्यांना लावला. मागितले पन्नास हजार. ताई तोंडावर हात दाबून टेबलाखाली वाकल्या. हसू काही केल्या आवरेना.