टँक मध्येच उठत नाही

याद्या करायची मला सवय आहे. किराणा, औषधं, कुणाच्या लग्नात काय दिलं, गॅसचा नंबर कधी लावला... सगळं वहीत असतं. अशा बावीस वह्या कपाटात आहेत. त्यांतल्या एकाही पानावर भारतीचं मी काय केलं ते नाही. नवऱ्याला माहीत नाही, मुलाला नाही. भारतीलाही नाही — तिला तर उलटंच माहीत आहे. आज तुम्हाला सांगते आहे, आणि सरळ सांगता येईल याची मला खात्री नाही.

निमित्त साधं आहे. या वयातही मी ऑनलाइन गेम खेळते. गेल्या आठवड्यात आमच्या गटात एका नवीन खेळाडूनं विचारलं, टँक शिकायचंय, काही सल्ला द्याल का? चारजणांनी माझं नाव पुढे केलं. सल्ला माझ्याकडे तयारच आहे. अठ्ठ्याण्णव साली लिहिला होता, चौदा मुद्दे. पाठवायला घेतला आणि नवव्या मुद्द्यावर अडकले. म्हणून आधी हे.

टँक म्हणजे गटात सगळ्यांत पुढे उभा राहणारा. राक्षस असो, ड्रॅगन असो, त्याचे घाव टँकनं खायचे. मागे एक वैद्य असतो, तो टँकच्या जखमा भरत राहतो. बाकीचे मारतात. टँक हलला की घाव मागच्यांवर पडतात आणि मागचे नाजूक असतात, दोन फटक्यांत मरतात. एवढंच. ऐकायला सोपं आहे ना?

तेव्हा मी वागळे इस्टेटच्या औद्योगिक वसाहतीत एका व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीत कॉम्प्युटर विभाग सांभाळत होते. विभाग म्हणजे एक खोली, दोन मशीन आणि मी. साहेबांनी इंटरनेट घेतलं ते परदेशी पत्रव्यवहारासाठी. चित्रं नव्हती, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं यायची. गेमही अक्षरांचाच. ‘राक्षस तुमच्या खांद्यावर वार करतो’ असं वाक्य यायचं आणि माझा खरा खांदा आखडायचा. दुपारी कामं उरकली की मी आत शिरायचे. फिनलंडचा एक विद्यार्थी आमचा वैद्य होता, आणखी तिघं कुठले कुठले. त्यांना मी कधी पाहिलं नाही. पण मी पुढे उभी असले की ते निर्धास्त असायचे, तसं लिहायचेही, आणि हे डोंबिवलीच्या घरात किंवा ऑफिसात मला कुणी कधी म्हटलं नव्हतं. त्याची चटक लागली.

फोनच्या दोन लाईन होत्या. एक ऑपरेटरच्या बोर्डाची. दुसरी थेट, तिच्यावर फॅक्स आणि आमचा मोडेम दोन्ही. मधे एक डबी होती, बटण इकडे केलं की फॅक्स, तिकडे केलं की इंटरनेट. बटण माझ्या टेबलावर.

त्या वर्षी भारती आली. डेटा एंट्रीला, सहा महिन्यांच्या बोलीवर. खाडीकाठच्या कोळीवाड्यातली, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, तरी मला ताई म्हणायची. नवऱ्याचा कारखाना बंद पडलेला. खाडीत मासळी उरली नव्हती. सासू पहाटे धक्क्यावर जाऊन माल उचलायची आणि बाजारात बसायची. सासूचे गुडघे गेले होते. पुढे मासळीची पाटी भारतीच्या डोक्यावर यायची होती. लाज कसली, ती म्हणायची, आजीनं विकली, आईनं विकली — पण मी टायपिंग शिकले ना ताई, रात्री कोळंबी सोलून सोलून हात भेगाळलेले असायचे तरी शिकले. सहा महिने नीट गेले की पर्मनंट. घरात पहिली पगारी बाई ती होणार होती. महिन्याअखेरीला पत्र मिळणार होतं. तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवसाला पेन्सिलीनं बारीक टिंब केलं होतं.

गेम तिला मी शिकवला. तिनं मागितला नव्हता. मला कुणीतरी हवं होतं, दुसरं काही नाही. आणि तिला टँकच करायचं हे मीच ठरवलं. बोटं वेगवान, घाबरत नाही, सांगितलेलं ऐकते — माझ्या वहीत अशीच नोंद आहे. ते चौदा मुद्दे मी तिच्यासाठी लिहिले. खोलीत शिरण्याआधी बाहेर पडायच्या वाटा पाठ कर. पहिला घाव तुझ्यावर यायला हवा, बाकीच्यांनी थांबायचं. आपल्या जखमा मोजत बसू नकोस, मागे वैद्य आहे असं धरूनच उभी राहा. टँक मध्येच उठत नाही. आणि नववा — गटातलं कुणीही मेलं तर आधी टँकनं म्हणायचं, चूक माझी. चर्चा नंतर.

ती यादी चांगली आहे. आजही तिच्यात बदल करण्यासारखं काही नाही. तुम्ही शिकत असाल तर तशीच वापरा.

आता तो मंगळवार. परदेशी मालाचे खोके तयार होते, ट्रक गेटवर उभा होता. ग्राहकाच्या तपासनिसाकडून मंजुरीचं पत्र चारच्या आत फॅक्सवर यायचं होतं. ते आलं की ट्रक बंदरावर, संध्याकाळी जहाजाची नोंद बंद. हे सगळं मला माहीत होतं. कामांच्या यादीत मीच लिहिलं होतं. तीन वाजता आम्ही आत शिरलो — पाच मिनिटांसाठी, असं मी म्हणाले. भारती पहिल्यांदा मोठ्या लढाईत पुढे उभी राहत होती. कीबोर्डवर ती, शेजारी खुर्ची ओढून मी.

साडेतीनला तिनं विचारलं, “ताई, फॅक्स यायचाय ना? काढू का लाईन?”

“टँक मध्येच उठत नाही,” मी म्हणाले.

पावणेचारला डिस्पॅचचे एकजण दारातून डोकावले, फॅक्स आला का म्हणून. मी नाही म्हटलं. खोटं कुठे होतं? काळ्या पडद्यावरची अक्षरं लांबून कामासारखीच दिसतात. भारतीनं पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडे बोट केलं. ती उभी राहिली, शेवटपर्यंत राहिली, एकही माणूस मरू दिला नाही. फिनलंडवाल्यानं तिची तारीफ लिहिली. चार वाजून वीस मिनिटांनी मी बटण फिरवलं. फॅक्स पाचला दहा कमी असताना आला. जहाज गेलं. तो ग्राहकही गेला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी दोघींना केबिनमध्ये बोलावलं. तिकडून कळलं होतं की लाईन तास-दीड तास एंगेज होती. त्यांनी एकच विचारलं — लाईनवर कोण होतं?

मी काय केलं सांगू? त्यांच्या टेबलावरच्या वस्तू मोजल्या. पेपरवेट, स्टँप पॅड, औषधाची बाटली, चष्म्याचं घर. पाचवी वस्तू शोधत होते तेव्हा शेजारून आवाज आला.

“चूक माझी, साहेब.”

तिनं तेच शब्द वापरले. अगदी तेच, त्याच सुरात. मग चर्चा व्हायला हवी होती ना? मी तोंड उघडायला हवं होतं. साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, तुम्ही लक्ष ठेवायला हवं होतं. मी मान हलवली. हो म्हणून हलवली. तिला महिन्याअखेरपर्यंत यायला सांगितलं, पुढे नाही.

पॅसेजमध्ये ती रडली नाही. हळू आवाजात म्हणाली, “आत्ता दोघी अडकलो असतो ताई. दोन दिवसांत त्यांचा राग उतरेल, मग तुम्ही बोला. तुम्ही पर्मनंट, तुमचं ऐकतील.”

म्हणजे तिला कळत होतं ती काय करते आहे. ती पहिला घाव घेऊन उभी होती, मागे कुणीतरी आहे असं धरून. कुणी शिकवलं होतं तिला?

सोळा दिवस होते. माझ्या त्या वेळच्या वहीत रोजच्या कामांत एक ओळ आहे: ‘साहेब — भा.’ गुरुवारी ती ओळ मी शनिवारवर ढकलली, शुक्रवारी इस्टेटची साप्ताहिक सुट्टी असते म्हणून. शनिवारी साहेबांना सर्दी होती. सोमवारी ते चिडलेले होते. मंगळवारी ते खुशीत होते, म्हटलं कशाला मूड घालवा. भारती रोज येत होती, नेहमीपेक्षा दहा मिनिटं आधी. एकदाही विचारलं नाही. माझ्या हातात फाइल दिसली आणि मी केबिनच्या दिशेनं वळले की तिची टायपिंगची गती कमी व्हायची. मला ऐकू यायचं. मी केबिनवरून पुढे पाण्याच्या मडक्यापर्यंत जायचे, पाणी प्यायचे, परत यायचे.

मला कसली भीती होती? नोकरी गेली नसती. बोलणी बसली असती, फार तर पगारवाढ लांबली असती. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. खरं कारण लिहिताना हात अडतोय — साहेबांनी इंटरनेट काढून घेतलं असतं. दुपारचे ते दोन तास गेले असते. बस. एका बाजूला ती बाई, दुसऱ्या बाजूला हे. मी निवडलं. आणि त्या सोळा दिवसांतही, ती समोरच्या मशीनवर बिलं भरत असताना, फॅक्सला काही यायचं नाही याची खात्री करून मी तीनदा आत गेले.

इथे थांबले असते तर भित्री म्हणून सुटले असते. अजून आहे.

शेवटच्या दिवशी तिचं कामावरून कमी केल्याचं पत्र मीच टाइप केलं. ते माझंच काम होतं. छापून झाल्यावर तिच्या नावात एक अक्षर चुकलेलं दिसलं. मी पान फाडलं, पुन्हा छापलं, समास नीट केला, आणि तिच्या हातात दिलं. ती सही करायला वाकली आणि मान वर न करता तिनं विचारलं, सोळा दिवसांत पहिल्यांदाच —

“ताई, बोललात का तुम्ही?”

“बोलले,” मी म्हणाले. “दोनदा बोलले. मी म्हटलं लाईन मीच घेतली होती, तिला ठेवा. ऐकतच नाहीत.”

इतकं सफाईनं कसं आलं? आधी ठरवलं नव्हतं. दोनदा हा आकडाही तेव्हाच सुचला. भारतीनं मान वर केली. तिचे डोळे भरले होते. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा भरले, आणि ते नोकरीसाठी नव्हते. तिनं माझा हात धरला. म्हणाली, जाऊ द्या, माझ्यासाठी तुम्ही आणखी वाईट होऊ नका त्यांच्याशी. मी हात सोडवून घेतला नाही.

ती पाटीवर बसली. सासूची जागा, बाजाराच्या कोपऱ्यात, तोंडावर ऊन येतं ती. मला हे माहीत आहे, कारण मी एकदा लांबून पाहिलं आणि पलीकडच्या गल्लीनं खोपटच्या एसटी स्टँडकडे गेले.

मग नारळी पौर्णिमा आली. संध्याकाळी दार वाजलं. नवऱ्यानं उघडलं तर भारती, नवी साडी, केसांत फुलं, हातात स्टीलचा डबा. कळव्याच्या कोळीवाड्यातून डोंबिवलीला आली होती, पत्ता ऑफिसात कुणालातरी विचारून. ओल्या नारळाच्या करंज्या होत्या. पहिला घाणा ताईंचा, असं म्हणाली. माझा मुलगा तीन वर्षांचा होता, त्याला तिनं मांडीवर घेतलं. तिच्या बोटांवर सुरीचे व्रण होते, काही ताजे.

मी पाणी आणलं. ती नवऱ्याला म्हणाली, “भाऊजी, ताई माझ्यासाठी साहेबांशी भांडल्या. आपली नोकरी पणाला लावली. सख्खी बहीण नाही करणार. आमच्या घरात सासू रोज दिवा लावताना यांचं नाव घेते.”

सासू. जिच्या गुडघ्यांसाठी हे सगळं चाललं होतं.

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. लग्नाला पाच वर्षं झाली होती, असं त्यानं माझ्याकडे त्याआधी पाहिलं नव्हतं. “हे तू मला बोलली नाहीस कधी,” तो म्हणाला.

भारती हसत होती. मुलगा करंजी चोखत होता. अजूनही तेव्हा सांगता आलं असतं — तिघंही समोर होती, दार लावलेलं होतं, कुणालाही घाई नव्हती.

“त्यात काय सांगायचं,” मी म्हणाले, आणि बशा आणायला आत गेले.